हनुवटी खाली, हलू नका!

...आणि वर मुख्याध्यापिका बाई म्हणतात काय, ‘घाबरायचं काय त्यात? मुलंच तर आहेत!’ अहो, मुलं आहेत म्हणूनच तर घाबरतोय मी! नववीची मुलं! ओळखपत्राच्या फोटोंना दरवर्षी जातो मी शाळेत, पण तेव्हा एकेक जण येतो, स्टुलावर बसतो, मी म्हणतो, ‘हनुवटी खाली, हलू नको,’ टक्, चल पुढचा! आता अख्खा वर्ग एकदम? आणि स्टुलावर कोण? मी! मी फोटो काढतो हो, शिकवत नाही!

नाही म्हणायचं होतं, मान्य. पण बाईंनी चष्म्यावरून बघितलं, ‘फोटोग्राफीचा छोटासा अभ्यासक्रम आखा, सोमवारपासून सुरू,’ आणि माझ्या तोंडून आपोआप ‘हो बाई!’ पन्नाशीच्या माणसाच्या!

बसलो आखायला. पहिला तास, कॅमेऱ्याची ओळख. ती झाली दहा मिनिटांत, उरलेला वेळ काय गाणं म्हणू? दुसरा तास, प्रकाश. आता प्रकाशाचं काय सांगायचं... माझ्या दुकानात दोन दिवे, डावा बटणावर लागतो, उजवा थपडेवर! हे शिकवू? सरावासाठी बायको विद्यार्थी झाली, तर पहिलाच प्रश्न, ‘सर, मोबाइल असताना कॅमेरा कशाला?’ म्हटलं, वर्गाबाहेर हो! अहो, याच प्रश्नाने माझी झोप उडालीय, तो तू कशाला विचारतेस? मी फोटो काढतो हो, शिकवत नाही!

आणि खरी भीती तुम्हाला सांगतो... त्याच वर्गात आमची कन्या आहे. तिने आधीच बजावलंय, ‘बाबा, वर्गात ओळख दाखवू नका. आणि ते स्माइल प्लीज तर अजिबात नको!’ आता मी तिथे अडखळलो, मुलं फिदीफिदी हसली, आणि हिने मान खाली घातली तर? जन्मभर लोकांना हनुवटी खाली सांगत आलो, पण तिची खाली गेलेली मला बघवायची नाही हो!

काल कन्याच म्हणाली, ‘उभे राहा, मला शिकवून दाखवा.’ राहिलो उभा, तोंड उघडतोय तोच... हिने मोबाइल रोखला, ‘हनुवटी खाली, हलू नका,’ टक्! बघतो तर माझे डोळे गच्च मिटलेले! सगळ्या गावाचे डोळे मी उघडे ठेवले आणि माझेच...

‘का मिटले, बाबा?’

‘भीती वाटली गं. समोरून कोणी असं रोखून बघितलं की...’

मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, ‘आमचे पण मिटतात. दरवर्षी. तुम्ही “चल पुढचा” म्हणता. तर तुमचा पहिला तास हाच, या भीतीचा.’

आणि तो फोटो तिने बाईंना पाठवून दिला! आज शाळेच्या फलकावर झळकतोय, खाली लिहिलंय ‘मार्गदर्शक’, वर मी, डोळे मिटून! तो बघून अभ्यासक्रमाला अख्ख्या वर्गाने नावं दिली म्हणे. मी फोटो काढतो हो, काढून घेत नाही!

आता कन्या म्हणते, ‘घाबरू नका, मी पहिल्याच बाकावर बसेन.’ झालं! दार त्या बाकाला लागूनच आहे... म्हणजे पळायचीसुद्धा सोय राहिली नाही!