विलायती पोलिसांची धाड

परवा आमच्या घरी काय झालं, ऐका. आमचे बाबा वडवणीचे, पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. टीव्हीवर मी इंग्लंडची एक मालिका लावलती. लॉजवर, कोठ्यांवर धाडी घालणाऱ्या पोलिसांची. आई-बाबा शेजारी बसले अन् मी मराठीत सांगत होतो. एका धाडीत धरलेली पोरगी थंडीनं कुडकुडत होती. साहेबानं आपला कोट काढून तिच्या अंगावर टाकला.

बाबा एकदम आईला म्हणाले, "अशाच एका धाडीत मीबी एका पोरीला स्वेटर दिलता. तू विणलेला."

आई वळली. "तो तर एसटीत राहिला म्हणलात की!"

"खोटं बोललो. असल्या बाईला कशापायी दिला, म्हणली असतीस."

मला वाटलं, आता भांडण पेटतंय. पण तिनं पदरानं डोळे पुसले.

"तवाच सांगायचं न्हाई का," ती म्हणाली. "तुमचा तिला लई ढगळा झाला असंल. तिच्या मापाचा विणून दिला असता."