पंखावर बसलेली पाखरं

हेस्टर : बसायला आले नाही मी. आणि ‘वहिनी’ म्हणू नका मला.

गॅरड : बरं, मिसेस कॅचपोल. होडीला आत्ताच डांबर लावलंय, तेवढा झगा सांभाळा.

हेस्टर : रविवारी चर्चच्या आवारात तो दगड उघडायचाय. युद्धात गेलेल्यांच्या नावांचा. माझ्या रूबेनचं नाव आहे त्यावर. आणि फडकं ओढणार कोण, तर वॉल्टर गॅरड. राजाच्या हातून पदक घेतलेला.

गॅरड : मी नव्हता मागितला मान. पाद्रीबाबांनी गळ घातली.

हेस्टर : पदकालाही गळच घातली असेल. भर समुद्रात विमानाचं बंद इंजिन चालू केलंत, ती उडती बोट पाण्यावरून हाकत किनाऱ्याकडे आणलीत. सगळं ऐकलंय. पण वर्षभरात माझ्या दारात एकदा फिरकला नाहीत. चोराच्या मनात चांदणं. माझं समाधान झालं नाही ना, तर रविवारी भर लोकांत उठून सांगेन, हा माणूस माझ्या नवऱ्याच्या जिवावर परत आला.

गॅरड : कुणी भरवलं हे तुमच्या डोक्यात?

हेस्टर : तुमच्याच वैमानिकसाहेबांनी. दोन घोट पोटात गेले की खरं बोलतात. विमान पाण्यावर उतरवताना पंखाखालचं तरंगतं पिंप मोडलं. खरं ना?

गॅरड : डाव्या बाजूचं. शत्रूच्या पाणबुड्या शोधायच्या गस्तीवर होतो, इंजिन बंद पडलं. लाटा मोठ्या होत्या.

हेस्टर : मग बोट कलंडू नये म्हणून उजव्या पंखाच्या टोकाला कुणीतरी वजन म्हणून बसायचं. आळीपाळीने.

गॅरड : हो.

हेस्टर : लाटेने रूबेनला नेलं तेव्हा पाळी कुणाची होती?

गॅरड : माझी.

हेस्टर : बघा. आणि तोंड वर करून सांगताय.

गॅरड : विचारलंत म्हणून सांगितलं. मी इंजिनापाशीच झोपून गेलो होतो. त्याने उठवलं नाही मला.

हेस्टर : मेलेल्या माणसावर काहीही ढकलता येतं. का नाही उठवलं? रूबेन काय संत होता? घरी माझ्या अंगावरचं पांघरूण ओढून घ्यायचा तो.

गॅरड : ते त्याचं त्यालाच ठाऊक.

हेस्टर : पुन्हा गिळलात शब्द. बरं, कबुतरांचं काय?

गॅरड : त्यांचं काय?

हेस्टर : बोट अडकली तर पायाला निरोप बांधून सोडायला टोपलीत देतात ना? तळावरचा कबुतरवाला शपथेवर सांगतो, हवा स्वच्छ होती, त्याची पाखरं दुपारच्या आत परतली असती. एकही आलं नाही. गाव म्हणतं, तुम्ही ती खाल्लीत.

गॅरड : गावाला बोलायला काय भाडं पडतं? सोडली होती. मी स्वतः हवेत फेकली. एक गिरकी घेऊन परत पंखावर येऊन बसली.

हेस्टर : शिकवलेली पाखरं?

गॅरड : उपाशी असलं तरच पाखरू घराकडे धाव घेतं. म्हणून गस्तीवर नेताना त्यांना दाणाही घालायचा नाही, असा नियमच होता. भरल्या पोटी कशाला जाईल ते?

हेस्टर : म्हणजे कुणीतरी चारलं होतं त्यांना.

गॅरड : असेल.

हेस्टर : टोपली तर वायरलेसवाल्याच्या ताब्यात असायची. रूबेनच्या.

गॅरड : मी चारलं.

हेस्टर : तुम्ही?

गॅरड : मीच. रविवारी उठून हेच सांगा सगळ्यांना.

हेस्टर : काय चारलंत?

गॅरड : बिस्किट.

हेस्टर : ते जहाजावरचं? रूबेन म्हणायचा, हातोडीशिवाय तुटत नाही. ते चोचीने फोडलं पाखरांनी?

गॅरड : भिजवून दिलं. सोडा ना आता, मिसेस कॅचपोल. पदकासकट माझं नाव मातीत घाला, माझी ना नाही. पण हे उकरू नका.

हेस्टर : स्वतःचं नाव जाऊ द्यायला तयार आहात. मग जपताय कुणाला?

(ती उपड्या बादलीवर टेकते.)

हेस्टर : शहाजिरं होतं का त्यात?

गॅरड : वहिनी...

हेस्टर : खरं सांगा मला.

गॅरड : होतं. शहाजिऱ्याच्या केकचा चुरा टोपलीत उरला होता. रूबेनने तो पाहिला, पंखावर बसलेली पाखरंही पाहिली. तेव्हापासून पंखावरची जागा तो कुणाला देईना. ओढून आत आणला तरी परत जाऊन बसायचा.

हेस्टर : त्याच्या वाढदिवसाचा केक होता तो. मीच बांधून दिला. वर म्हटलं, एक तुकडा त्या मुक्या जिवांनाही घाल. त्यांनाही घरी यायचंय.

गॅरड : तेही सांगितलं होतं त्याने. म्हणून तर तुमच्या दारात पाऊल टाकवेना.

हेस्टर : आणि मी वर्षभर तुम्हाला शिव्या घालत होते.

गॅरड : घातल्यात तर घातल्यात. रविवारचं काय करू? पाद्रीबाबांना नाही म्हणून सांगू?

हेस्टर : नको. फडकं तुम्हीच ओढा. मी शेजारी उभी राहते. एकटीने ते नाव वाचायचं बळ नाही आता माझ्यात.

गॅरड : बरं, मिसेस कॅचपोल.

हेस्टर : वहिनी म्हणा.