सासरेबुवांची दोरी

...नाही हो, मी काय म्हणतो, पवित्र शास्त्र वाचावं, जरूर वाचावं, सकाळ-संध्याकाळ वाचावं, माझं काही म्हणणं नाही, पण वाचून झाल्यावर माणसानं पुस्तक मिटावं, चष्मा काढावा, एक मोठा सुस्कारा टाकावा आणि जेवायला बसावं की नाही? सगळं जग तेच करतं! आमचे सासरेबुवा पुस्तक मिटतात आणि फावडं शोधायला लागतात!... बसा, बसा, तुमच्या घड्याळाला अजून अर्धा तास आहे, आत्ताच तेल घातलंय, जरा चालू दे त्याला. तोवर ऐका, कारण ही गोष्ट मी कुणाला तरी सांगितली नाही तर माझं डोकं फुटेल.

तर सासरेबुवा म्हणजे हिचे वडील. एकतीस वर्षं रस्त्याच्या कामावर मुकादम. सासूबाई गेल्या तसे आमच्याकडे राहायला आले. सामान काय? एक ट्रंक, दोरीचं एक मोठं गुंडाळं, फावडं, माती ठोकून बसवायची लोखंडी धुमस आणि शास्त्र. मी म्हटलं, बाबा, आता निवृत्त झालात, फावडं कशाला? म्हणाले, असू दे. असू दे म्हटल्यावर मी पण म्हटलं असू दे. तिथंच चुकलं माझं!

आता एकतीस वर्षं मुकादमी केलेला माणूस वाचतो कसा, ते आधी लक्षात घ्या. वरून कागद येणार, इथून तिथपर्यंत, एवढा रुंद, एवढा उंच. मुकादम कागद वाचणार आणि माणसं लावणार. साहेबांच्या मनात काय असेल बुवा, असा विचार करत बसला तर संध्याकाळपर्यंत खडी तशीच पडून राहील. बरोबर ना? हा माणूस शास्त्र असंच वाचतो! कामाचा कागद आल्यासारखं! एक ओळ वाचायची, ती करायची, झाली की पुढची. आणि आपण काही बोलायला गेलो, की मान जराशी तिरकी करून, अगदी मऊ आवाजात, "लिहिलंय, जावईबापू. मी नाही लिहिलं."

बोला आता!

मी घड्याळवाला. लग्नात मी सासऱ्यांना माझ्या हातानं दुरुस्त केलेलं, एका सेकंदाचा फरक न पडणारं मनगटी घड्याळ दिलं. हा माणूस ते घड्याळ रोज हातात घालतो आणि चावी देत नाही! मी म्हटलं, बाबा, बंद आहे की हो. म्हणे, तुम्ही प्रेमानं दिलंत म्हणून घालतो, पण तो दिवस आणि ती घटका कुणाला कळायची नाही असं लिहिलंय, मग मी कशाला डोकावू? अहो, तो दिवस म्हणजे जगाच्या शेवटाचा दिवस! जेवणाची वेळ बघायला कुणाची हरकत आहे? पण नाही. लिहिलंय, जावईबापू, मी नाही लिहिलं. गिऱ्हाइकं मला विचारतात, तुमच्या सासऱ्यांचंच घड्याळ बंद कसं? सांगा, धंदा कसा करायचा माणसानं?

बरं, एखाद्यानं एक मैल चल म्हटलं तर दोन मैल जा, असंही लिहिलंय. एक परका गृहस्थ पोस्टाचा पत्ता विचारायला आला. सासरेबुवा निघाले त्याच्याबरोबर. पोस्ट आलं, गृहस्थ थांबला, हे थांबेनात! पोस्ट पाव मैलावर, म्हणजे अर्धा मैल जायलाच हवं. गृहस्थाला घेऊन पार पुढे, आणि मग त्याला उलटं फिरवून परत पोस्टात सोडला. मी कपाळावर हात मारला. पण तुम्हाला सांगतो, तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी दुकानात आला आणि म्हणाला, वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं, घरचं, बायकोचं, सगळं. अर्ध्या मैलात जेवढं बोललो तेवढं वर्षात कुणाशी बोललो नव्हतो. गेला बापडा हसतहसत. आता याला वेडेपणा म्हणायचं की काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

हे सगळं मी सहन केलं. मग एका सकाळी ती ओळ आली. संदेष्ट्यानं, म्हणजे देवाचा निरोप आणणाऱ्यानं, सांगितलंय, प्रभूसाठी रस्ता तयार करा, दऱ्या भरून निघतील, डोंगर खाली होतील, वाकडं असेल ते सरळ होईल. आपण काय करतो? वा वा म्हणतो. सासरेबुवांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला, आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा असा उजळला म्हणता! एकतीस वर्षं खात्याचे रस्ते केले, आणि आता थेट वरून काम आलं! तेही शिकलेल्या कामाचंच! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मला जमायचं नाही. हे उठून फावड्याला धार लावायला बसले.

मी धावत आमच्या प्रार्थनामंदिराच्या पाळकसाहेबांकडे गेलो. म्हटलं, साहेब, समजवा जरा. पाळकसाहेब भला माणूस, घरी आले, चहा घेतला, आणि समजावलं, की हे बघा मुकादम, दरी म्हणजे आपल्या मनातलं दुःख, डोंगर म्हणजे आपला गर्व, वाकडी वाट म्हणजे आपलं वागणं. सासरेबुवांनी हात जोडून शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, गर्व म्हणायचं असतं तर गर्व लिहिलं असतं. त्यांना काय तो शब्द ठाऊक नव्हता? माझ्या कागदावर खड्डा भरा असं लिहून आलं, तेव्हा खड्डा म्हणजे दुःख असं म्हणून मी घरी बसलो असतो, तर पगार दिला असता का कुणी?" पाळकसाहेबांनी चहा संपवला आणि छत्री विसरून गेले.

झालं! आमच्या गल्लीचं काम सुरू! गल्लीच्या पूर्वेच्या टोकाला आमच्या जुन्या शाळेच्या बाईंचं घर, पश्चिमेच्या टोकाला प्रार्थनामंदिर. काम पूर्वेकडून सुरू, का? तर प्रभू पूर्वेकडून येणार. लिहिलंय! सत्तरीचा माणूस एकटा खड्डे भरतोय, खडी, माती, पाणी, धुमस, धप्, धप्, धप्! मी इकडे डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू पकडलेला, तिकडे धप्! स्क्रू गेला! दिवसभर मी जमिनीवर रांगतोय!

दऱ्या झाल्या, मग डोंगर. गल्लीत डोंगर कुठला? कोपऱ्यावर, मोठ्या रस्त्याला शाळेसमोरचा गतिरोधक! फोडला! आयांनी घराला वेढा घातला, म्हणाल्या, आता गाड्या सुसाट येणार, पोरांचं काय? सासरेबुवांना घाम फुटला, खरंच फुटला, रात्री जेवले नाहीत. चूक त्यांना कळली होती. मी म्हटलं, मग परत बांधून टाका. म्हणे, डोंगर खाली करा असं लिहिलंय, परत वर करा असं कुठं लिहिलेलं नाही. मग केलं काय? दुसऱ्या दिवसापासून शाळा भरताना आणि सुटताना स्वतः लाल फडकं घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे! ऊन असो, पाऊस असो. एक गाडी पुढे सरकायची हिंमत करत नाही! आयाच आता म्हणतात, गतिरोधक नको, आजोबा राहू द्या. स्वतः केलेल्या चुकीसमोर रोज दोनदा उभं राहायचं, आपण राहिलो असतो का हो? मी तर नसतो राहिलो.

आणि मग राहिलं वाकडं. सरळ करायचं.

एका सकाळी मी दुकान उघडायला आलो, तर दोरी! गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली, सुतासारखी सरळ, आणि बरोबर माझ्या दुकानाच्या ओट्यावरून, माझ्या शोकेसच्या पाठीला घासून गेलेली! शोकेसमध्ये माझी बारा भिंतीवरची घड्याळं, सगळी एका ठोक्याला वाजणारी, अख्ख्या गल्लीची शान! आणि ती शोकेस, तो ओटा, दोरीच्या पुढे दीड हात!

मी असा भडकलो! म्हटलं, बाबा, सगळ्या गल्लीत वाकडं म्हणून माझाच ओटा सापडला तुम्हाला? ते म्हणाले, मी कुठं शोधलं, दोरीनं दाखवलं. म्हटलं, फोडणार आहात का? म्हणाले, "तुमचं आहे, तुम्ही बघा. सरळ करा असं लिहिलंय, जावईबापू. मी नाही लिहिलं." आणि फावडं खांद्यावर टाकून लाल फडकं घ्यायला निघून गेले!

फोडला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं! पण ती दोरी तशीच. एक दिवस, दोन दिवस, पंधरा दिवस! गिऱ्हाईक येणार ते दोरीवरून पाय टाकून येणार आणि विचारणार, ही दोरी कसली? मी काय सांगू? मी घरी हिला म्हटलं, तुझ्या वडिलांना सांग. तर ही भाजी चिरता चिरता म्हणते, "अहो, पण तो ओटा आधी एवढा पुढे नव्हता ना?"

...नव्हता. आता तुमच्यापासून काय लपवायचं? चौदा वर्षांपूर्वी मीच पुढे घेतला. आधी एक वीत, कुणी बोललं नाही, मग आणखी. पुढे मी ते विसरून गेलो. म्हणजे विसरलो असं ठरवून टाकलं. शोकेस काढायची म्हणजे घड्याळं आत अंधारात जाणार, रस्त्यावरून दिसणार नाहीत, दिसली नाहीत तर या दुकानात येणार कोण? पोट आहे हो माझ्या मागे! रोज दोरीकडे बघायचो आणि ओरडायचो. कुणावर? घड्याळांवर!

सोळाव्या दिवशी बाईंची भाची आली. बाई म्हणजे आम्हा सगळ्यांना अक्षरं गिरवायला लावणाऱ्या त्या शाळेच्या बाई, सहा वर्षं झाली चाकाच्या खुर्चीत आहेत. भाचीच्या हातात मोजायची टेप. माझ्या ओट्यापासून समोरच्या विजेच्या खांबापर्यंत मोजलं, आणि जरा संकोचून म्हणाली, "काका, हे एवढं निघणार आहे का हो? आत्या रोज विचारते. खुर्ची तेवढी इथंच अडते. एकदा प्रार्थनेला निघालो होतो, इथून परत गेलो."

सहा वर्षं! माझ्या ओट्यापाशी! आणि मला वाटायचं, बाई थकल्या, म्हणून येत नाहीत. ती पोरगी माझ्या तोंडाकडे बघतेय. मी आत गेलो, बारा घड्याळं एकेक करून उतरवली, आणि हातोडा घेऊन आलो.

पहिला घाव घातला तेव्हा सासरेबुवा कोपऱ्यावर फडकं घेऊन उभे होते. बघितलं त्यांनी, पण आले नाहीत. शाळा सुटली, शेवटचं पोर पलीकडे गेलं, मग आले. ना शाबास, ना मी म्हटलं नव्हतं का. मी फोडलेलं त्यांनी भरलं आणि धुमस उचलली. धप्, धप्! आणि त्या दिवशी तो आवाज मला गोड लागला, काय सांगू!

मंगळवारी सकाळी बाई आल्या. पूर्वेकडून! पांढरं नेसलेल्या, खुर्चीत ताठ बसलेल्या, मागून भाची ढकलतेय, आणि खुर्ची अशी घरंगळत आली की कुठं धक्का नाही, कुठं खडखड नाही. सासरेबुवा टोपी काढून रस्त्याच्या कडेला उभे. माझ्या दारासमोर बाईंनी खुर्ची थांबवायला सांगितली, दारातून आत बघितलं आणि म्हणाल्या, "घड्याळं छान लावलीस रे." बस, एवढंच. पुढे गेल्या. तिकडे पाळकसाहेब प्रार्थनामंदिराच्या पायरीवर उभे, बहुतेक काहीतरी बोलायचं ठरवून आले होते. नुसतेच रुमाल शोधत राहिले.

मला राहवेना. खोड माझी! मी सासऱ्यांना हळूच म्हटलं, बाबा, रस्ता केलात प्रभूसाठी, आणि आल्या आमच्या बाई!

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोललो. म्हणाले, "या लहानांतल्या लहानासाठी जे केलं, ते माझ्यासाठीच केलं, असं त्यांनीच सांगितलंय ना? मग आले की. पूर्वेकडूनच आले. लिहिलंय, जावईबापू. मी नाही लिहिलं."

अहो, पन्नास वर्षं मी ती ओळ ऐकतोय, पन्नास वर्षं वा वा म्हणतोय. ती ओळ कामाचा कागद म्हणून वाचणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला, आणि तो माझ्याच घरात, बंद घड्याळ घालून बसलेला!

पण खरी पंचाईत तिथून पुढे झाली बघा. आता माझं दार थेट रस्त्यावर. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस समोरून जातो. मी सासऱ्यांना विचारलं, बाबा, त्या दिवशी बाई होत्या, ठीक. पण रोज जे येतात, त्यातले प्रभू कोण, हे ओळखायचं कसं? सासरेबुवांनी पानं उलटली, चष्मा पुसला. आणि म्हणाले, "ते काही लिहिलेलं नाही. म्हणून सगळ्यांसाठीच उठायचं."

झालं! तेव्हापासून दारात सावली पडली की डोळ्याला भिंग तसंच, हातात चिमटा तसाच, मी उभा! दूधवाला, उभा! वीजबिलवाला, उभा! दिवसाला दोनशे वेळा ऊठबस, गुडघे गेले माझे! तुम्ही हसताय, पण मघाशी तुम्ही आत आलात तेव्हा मी उठलो तो काय तुमच्या घड्याळासाठी?... थांबा, थांबा, दारात कुणीतरी आलंय वाटतं... उठतो बाबा, उठतो!