कमलचं वय

पोरींचे लग्न लवकर करावे का, हे मले नका विचारू गड्या. सावली गावाजवळच्या खेड्यात मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. चार वर्षांची कमल बहिणीच्या मागं मागं शाळेत येऊन बसे. शाळेचा पट कमी होता, म्हणून मी तिचं वय सहा लिहून पहिलीत नाव घातलं.

बारा वर्षांनी बाप तिले घेऊन आला. "गुरुजी, वयाचा दाखला द्या. सामूहिक लग्नात नाव द्याचं आहे."

"भाऊ, पोरगी सोळाची आहे!"

"रजिस्टरात अठरा भरले. तुमीच तं लिवलं."

रजिस्टर उघडलं. अक्षर माहंच होतं.

कमल हळूच म्हणाली, "गुरुजी, आता खरं नाई लिवता येत का?"

खरं लिवलं असतं तं माही नोकरी गेली असती. मी शिक्का मारला.