जाड दांड्याची गिटार

माझं नाव जुबेदा, पन जुबेदा म्हणून मला कोनी हाक मारत न्हाई, हिंगोलीत समद्या बायांची मी मन्यारीन चाची. माहेर हट्टा गावचं. अब्बा सायकलला बांगड्यांची पेटी बांधून खेडोखेडी फिरायचे आन् अम्मी घरी बसून गावातल्या बायांना बांगड्या भरायची, मी तिच्या मांडीला मांडी लावून बसायची, तिथंच शिकले. आमच्यात माप इचारत न्हाईत बघा. बाई पुढ्यात बसली की तिचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड दाबायचं, बोटं जवळ आनून बघायची, झालं, दोन-चारची का दोन-सहाची ते आपल्या हातालाच कळतंय. आन् बांगडी कशी पायजे, हाडावरून जाताना जीव घेती असं वाटलं पायजे आन् मनगटावर गेली की शोभली पायजे. ढिली बांगडी कोनीबी भरीन. तंग बांगडी भरायची आन् एकबी वाढवायची न्हाई, तिला मन्यारीन म्हणायचं. वाढवायची म्हणजे फोडायची, पन फुटली असं बांगडीला कोनी म्हणतंय का, तुमच्यातबी न्हाई म्हणत.

पन बाया काय करतात, भितात. भ्याल्या की हात ताठ करतात, आन् ताठ हातात अल्लामियाँ आले तरी बांगडी भरता येत न्हाई. मंग आमी बोलत राहातो. कुठली गं तू, सासू कशी हाय, हात ढिला सोड माय, लेकरू काय करतंय, हात ढिला सोड. जिंदगीत दुसरं काही बोलले न्हाई इतकं हे बोलले असंन.

लग्न होऊन हिंगोलीला आले तर नवरा गिटार वाजवनारा. काय सांगू तुमाला, मला वाटलं व्हतं दुकान सांभाळनारा मानूस हाय. दुकान व्हतं, सासऱ्याचं, सागवानी फळीचं काउंटर असलेलं, पन दुकानात बसायची मी आन् आमचे हे, नाझियाचे अब्बा, जायचे बँजो पार्टीत. बँजो पार्टी म्हणजे टेम्पोवर मोठाले स्पीकर लावून वरातीपुढं वाजवतात ती. एक जन बटनाचा बँजो वाजवतो, दोघं ढोल-ताशाला, आन् आमचे हे इलेक्ट्रिक गिटारवर. आन् घरीबी तेच. मी चहा आनला की एक धून, भांडले की दुसरी धून, बोलून काही सांगतीन तर शप्पथ. पाव्हने आले तर मी इचारायची, जेवन काय करू, तर हे गिटारीवर तीन सूर काढायचे आन् नाझिया, आमची एकुलती एक लेक, ती आतून वरडायची, अम्मी, खिचडी म्हणून राहिले. तिला बराबर कळायचं. मला चीड यायची, पन सवय लागती ना हो मानसाला.

मंग पुसेगावच्या एका लग्नाहून येताना त्यांच्या टेम्पोला रोही आडवी आली. निळी गाय म्हणतात तिला, घोड्याएवढी असती. ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं तिला वाचवलं आन् टेम्पो रस्त्याखाली खड्ड्यात गेला. मानसं समदी वाचली, शुकर हाय. ह्यांचा डावा हात मनगटात मोडला, अंगठा पार वाकडा झाला, आन् गिटारीचा दांडा मोडून खालचं लाकूडबी चिरलं. नांदेडला प्लेट टाकली. डाक्टर म्हणाले, सामान उचलशीन, गाडी चालवशीन, पन अंगठा पहिल्यासारखा उघडनार न्हाई. हे मान हालवून व्हय म्हणाले. त्यांनी इचारलंच न्हाई गिटारीचं. मी इचारलं तर म्हणाले, झालं आता ते.

असं म्हणाले आन् रोज दुकानात येऊन बसू लागले. मला बरं वाटायला पायजे व्हतं, इतकी सालं म्हणून राहिले व्हते की दुकानात बसत जावा. पन तो मानूसच ऱ्हायला न्हाई. चहा दिला की चहा घेतात, भांडलं की ऐकून घेतात. घरात आवाज म्हणून न्हाई. मला तर भांडनाचीबी गोडी ऱ्हायली न्हाई. मी नाझियाला म्हणलं, काहीबी कर पन तुझ्या अब्बाच्या हातात गिटार दे, न्हाईतर हा मानूस असाच सुकून जाईन. तिनं फोनवर बघितलं, म्हणाली अम्मी, आता गिटारीचं एकेक सामान सुटं मिळतं, दांडा येगळा, तारा पिळायच्या चाव्या येगळ्या, खाली तारा अडकवायचा ब्रिज येगळा. अब्बाच्या हाताला जमंन असा दांडा बघून घेऊ आन् खालचं लाकूड इथंच करू.

लाकूड करायला शेजारचे गजानन मिस्त्री. दुकानात काचेचं काउंटर केलं तवाची ती सागवानी फळी माळ्यावर पडून व्हती. मिस्त्री म्हणाले, वहिनी, ह्या फळीला रंधा मारायला मजा येईन. मोडक्या गिटारीचा कागदावर आकार काढला आन् तसंच कापलं. मी म्हणलं, हिरवा रंग द्या, चुड्याचा. मिस्त्री म्हणाले, सागवानाला रंग देनाऱ्याच्या हातचं पानी पिनार न्हाई मी. नुसतं पॉलिश केलं. तारांचा आवाज पकडतात ते पिकप जुन्या गिटारीचेच काढले, ते शाबूत व्हते. चाव्या मातर मी पसंत केल्या, सोनेरी. नाझिया म्हणे अम्मी, अब्बाला चांदीच्या आवडतीन, मी म्हणलं नवरीला कोनी चांदीचं घालतं का. तवा हे बसल्या जागी हसले. लई दिवसांनी हसले. मला वाटलं, आता जमतंय.

ऱ्हायला दांडा, त्याला नेक म्हणतात. नाझियानं फोटो दाखवले, एक पातळ, एक मधला, एक जाड. लांबी एक, पट्ट्या एकसारख्या, लाकडात बसतो तो भागबी समद्यांचा एकाच मापाचा, फरक पाठीच्या जाडीचा. ह्यांना इचारलं तर म्हणाले, जुबेदा बघीन, हाताचं तिलाच कळतं. मंग काय, माझं डोकंच फिरलं खुशीनं. काउंटरवर त्यांचा हात घेतला, बाईचा घेते तसा, अंगठ्याखालचं हाड दाबलं, बोटं जवळ आनली. अंगठा अर्ध्यात अडकत व्हता. म्हणलं, हात उघडत न्हाई तर त्याला बारीकच वस्तू पायजे. सगळ्यात पातळ घे नाझिया. मन्यारनीचं डोकं बघा तुमी, हाताला बसतंय तितकं बारीक, त्याच्याहून एक दोरा बारीक.

आला बाई तो दांडा. काय देखना, फिक्या रंगाचा, गुळगुळीत, नव्या नवरीच्या हातासारखा. मिस्त्रीनं सागवानात खोबन केली व्हती त्यात बराबर बसला, मागून चार स्क्रू आवळले, ब्रिज लावला, तारा चढवल्या. आमी तिघंबी बघून राहिलो. ह्यांनी गिटार घेतली, डोळे मिटले आन् वाजवायला लागले. सुरुवातीला झालं बरं. मंग तोंड वाकडं व्हायला लागलं. पातळ दांडा म्हणल्यावर अंगठ्यानं मागून जोर लावावा लागायचा, चिमटीत धरल्यासारखं, आन् ज्या हाडाला प्लेट हाय त्याच हाडावर तो जोर. गानं अर्ध्यात तुटलं. बोटं अशी आखडली की मला एकेक सोडवावं लागलं. रागावले न्हाईत हो, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, सुंदर झाली हाय, भिंतीला टांगून ठेव.

मिस्त्री हत्यारं आवरून घरी गेले. मी मोरीत जाऊन रडले. हात हातात घेऊन हजारो बायांना बांगड्या भरल्या आन् घरच्या मानसाचा हात मला कळला न्हाई, ह्याचंच लई लागलं.

गिटार टांगलेलीच ऱ्हायली आन् हे परत दुकानात. लग्नसराईचा माल आला व्हता. आमच्याकडं बांगड्या लाकडी दांडीवर चढवून ठेवतात, तुमी बघितलं असंन, झाडूच्या दांड्याहून थोडी जाड असती. मी चढवत व्हते आन् हे दांडीचं दुसरं टोक डाव्या हातात धरून बसले व्हते. रस्त्यानं कुठलीतरी वरात चालली व्हती, त्यांचीच जुनी पार्टी असंन, आवाज वळखीचा वाटला. मी सहज बघितलं तर काय, दांडीवर ह्यांची बोटं चालून राहिली व्हती. हे रस्त्याकडं बघत व्हते आन् बोटं इकडं आपली दाबतात, सरकतात, दाबतात. अंगठा नुसता मागं टेकलेला, जोर न्हाई, काही न्हाई. तळहात भरलेला व्हता ना. मी हातातल्या बांगड्या तशाच धरून बसले. हालले असते तर त्यांनी हात काढला असता.

तवा माझ्या ध्यानात आलं. बांगडीला हातावरून जायचं असतं म्हणून ती तंग पायजे. दांड्याला हातात राहायचं असतं. मी ह्यांच्या हातात बांगडी भरायला गेले व्हते.

वरात गेल्यावर म्हणलं, सोडू नका, तसंच धरा. काहून म्हणे. म्हणलं, धरा म्हणते ना. मी दांडीला दोरा गुंडाळून माप घेऊ लागले तर नाझिया हसायला लागली, अम्मी ही दांडी गोल हाय, नेक पुढून सपाट असतो. मंग तिनं पट्टी लावून जाडी मोजली आन् फोनवर सगळ्यात जवळच्या जाडीचा दांडा बघितला. म्हणाली, इतका जाड कोनी घेत न्हाई, लोक पातळच मागतात. हेबी म्हणाले, राहू दे, एकदा झालं की. मी म्हणलं, लोकांच्या नवऱ्याचा हात मी दाबून बघितला न्हाई, तुमचा बघितलाय, आन् आता दांडीवरबी बघितलाय.

जाड दांडा आला. दिसायला कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा, मिस्त्रींनी हातात घेतला आन् माझ्याकडं बघितलं. पहिल्याचे चार स्क्रू काढले, दुसऱ्याचे लावले. ह्यांनी गिटार मांडीवर घेतली पन हात लावंनात. हात ताठ, पार लाकूड झालेला. भ्याले व्हते. मी समोर बसले आन् म्हणलं, कुठले तुमी, सासू कशी हाय तुमची. माझी सासू का, म्हणे, हट्ट्याची, लई जहांबाज. म्हणलं, बायको कशी हाय. म्हणे, तिच्याहून वरचढ. म्हणलं, हात ढिला सोडा. आन् त्यांनी सोडला.

गानं पुरं झालं. मंग दुसरं झालं. मंग चहा आनला तर नेहमीची धून झाली, आन् मी काय सांगू तुमाला, त्या धुनीला मी सालोसाल चिडत आले, त्या दिवशी कप हातात धरून हुभीच ऱ्हायले. नाझिया म्हणाली, अम्मी, साखर कमी हाय म्हणून राहिले.

आता लांबच्या वराती घेत न्हाईत. सागवान वजनाला भारी, खांदा दुखतो, दोन-तीन गान्यांनंतर हाताला इसावा लागतो. हिंगोलीत कुनाकडं असलं तर जातात. बाकी दुकानात, कोपऱ्यात लहानसा स्पीकर ठेवलाय, हळू वाजवत बसतात. तो पातळ दांडा मी वाया जाऊ दिला न्हाई, आडवा लावून त्याच्यावर दोन-आठच्या बांगड्या चढवल्यात, गिऱ्हाईक इचारतात चाची हे काय हाय, मी म्हणते, माझी अक्कल हाय, बघा.

परवा एक नवरी आली चुड्याला, पुसेगावाकडलीच, माहेर सुटायचं म्हणून रडून राहिली व्हती आन् हात असा आवळलेला की मला घाम फुटला. मी बोलतेय, बोलतेय, ती ऐकंना. कोपऱ्यातून ह्यांनी हळूच कायतरी लावलं. पोरगीनं मान वळवली, कान दिला, आन् माझ्या हातातला तिचा हात एकदम नरम पडला. हिरवा चुडा भरला, एकबी वाढली न्हाई. तिनं रीतीप्रमानं माझ्या पाया पडून घेतलं. मी म्हणलं, त्यांच्याबी पड, निम्म्या त्यांनी भरल्यात. ती वाकली तर ह्यांनी आशीर्वादाला डावा हात वर केला. मी वरडले, अहो, डावा काय करता, उजवा करा, लोक काय म्हणतीन. म्हणाले, मोडून माघारी आला तो हाच हाय, ह्याचाच लागू पडंन.

मी मंग पोरीला त्याच हाताखाली सरकवलं. पोरगी सुखात राहो.