एका हाकेत

हसणार नसाल तर सांगते. माझी चुलत बहीण सुधाअक्का रसायनशास्त्रात संशोधन करते. ती सुट्टीत आमच्या गावी, निर्ण्याला आली, तेव्हा काकांनी तिला परत पाठवायचेच नाही असे ठरवले होते.

"चार वर्षं बाटलीच हलवायलीस. झालं काय?"

"अप्पा, एकाच वाळूत दुर्मिळ धातू असतात आणि किरणोत्सारी थोरियमही. ते आम्लात विरघळवायचं आणि वर एक तेल घालून हलवायचं. तेल फक्त थोरियमला ओढून घेतं."

"कसं?"

"तुम्ही मेंढ्यांना हाक मारता तसं."

काका खुलले. आम्हाला तळ्यावर घेऊन गेले. तिथे आमचा कळप शेजारच्या शिवण्णाच्या कळपात मिसळला होता. काकांनी जीभ टाळ्याला लावून "ट्र्र्र" केले. आमच्या मेंढ्या माना उचलून निघाल्या.

"बघ, एका हाकेत! तुला चार वर्षं कामून लागायलीत?"

मी एरवी बोलत नाही, पण मी कान बघत होते. आमच्या मेंढ्यांच्या डाव्या कानाला खाच असते.

"काका, आपल्यात एक बिनखाचेची आलीय. आणि आपली एक तिकडंच पाणी पितीय."

शिवण्णा खो खो हसला. काका भडकले, "एका हाकेत कुठं सगळी येतात व्हय? परत मारायची, परत मारायची!"

"मी तेच करायलेय, अप्पा," अक्का हळूच म्हणाली.

काकांनी माझ्याकडे असे बघितले, जणू ती मेंढी मीच पळवली होती. सोमवारी अक्काची बॅग मात्र चिटगुप्प्याच्या बस स्टँडवर त्यांनीच नेली.