एका कामाला दोन हजार

सून सासूचं ऐकत नाही म्हणता ना? माझी ऐकते. पण त्यासाठी तिची नोकरी जायची वेळ यावी लागली.

ती घरूनच कॉम्प्युटरचं काम करते. कॉम्प्युटरच्या एकदम आत कर्नल म्हणून गाभा असतो. मशीनवर लोड किती, तो आकडा तिला तिथून वाचायचा होता. संध्याकाळी साहेबाला दाखवायचं, नाहीतर नोकरी पक्की होणार नाही. ही रडकुंडीला आलेली.

"आई, लोड दोन हजार दाखवतोय! एवढ्या लोडने मशीन मरायला पाहिजे."

"कामं किती चालू आहेत त्याच्यावर?"

"एकच."

"मग अजून एक दे, नि चहा पी."

चहा होईपर्यंत आकडा चार हजारांवर गेला.

"अगं, एका कामाला दोन हजार धरतंय ते. पाव किलो गवारीला माझ्या भाजीच्या काट्यावर अडीचशे येतात. म्हणून मी काय गिऱ्हाईकाला अडीचशे किलो देते?"

तिने शोधलं. कर्नल पॉइंटमध्ये, म्हणजे दशांशात, हिशोब करतच नाही, म्हणून एकाला २०४८ लिहितो. तिने त्याने भागलं, आकडा बरोबर आला.

साहेब फोनवर खूश, नोकरी पक्की. "कुणाला विचारलंस?"

"घरी सीनियर आहेत, सर."

लग्नाला चार वर्षं झाली, पहिल्यांदा खरं बोलली.